फोटो फ्रेमचं दुकान: काम चोख, वायदा कच्चा (पाचपैकी चार तारे)

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळातलं जुनं दुकान. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे आणि मालक भला माणूस आहे.

आमच्या तालमीत लावायला बादशहा खानांचा, म्हणजे खान अब्दुल गफार खानांचा फोटो फ्रेम करायचा होता. फोटो १९३८ सालचा, गांधीजी सरहद्द प्रांतात (आता पाकिस्तानात) गेले होते तेव्हाचा. दोघं शेजारी शेजारी चाललेत. दुकानातल्या पोरानं टेप लावली आणि म्हणाला, "काका, तयार फ्रेमात बसवतो, स्वस्तात पडंल. वरनं दीड इंच तेवढं कापू."

वरच्या दीड इंचात खानसाहेबांचं डोकं! सहा फुटांवरचा गडी तो. गांधीजी शाबूत आणि पठाण मुंडक्याविना. आमच्या शाळेच्या पुस्तकानंही जवळपास हेच केलं होतं म्हणा. नको म्हटलं, नवीन पट्टी कापा.

तेवढ्यात मालक आतून आले. माझा पैलवानी मोडका कान बघून "कुठली तालीम?" विचारलं आणि मग फोटोकडं बोट केलं, "हे कुठले पैलवान?"

पैलवान नव्हं, म्हटलं, पण छाती बघा. पेशावरकडच्या उत्मानझाई गावचा, जमीनदाराचा पोरगा. खुनाला खून हा जिथला रिवाज, तिथं १९२९ मध्ये यांनी 'खुदाई खिदमतगार', म्हणजे देवाचे सेवक, उभे केले. कवायत, हुद्दे, सगळं फौजेसारखं, फक्त हत्यार नाही. सूड घेणार नाही, अशी शपथ. पांढरे कपडे लगेच मळायचे म्हणून ते विटकरी रंगात बुडवले, म्हणून 'लाल डगलेवाले'. २३ एप्रिल १९३० ला यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात गोळीबार झाला. तिथंच इंग्रजांच्या फौजेतल्या चंद्रसिंग गढवालींच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला आणि स्वतः तुरुंगात गेले.

"पठाण आणि मार खाऊन गप्प?" मालक म्हणाले. मी म्हटलं, कुस्तीच्या हौद्यात नवख्या पोराला आपण चितपट करू शकतो, तरी हात राखतो का नाही? ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि फोटोभोवती लावायच्या विटकरी माउंटचा तुकडा शोधून आणला. "ह्योच रंग ना?" आमच्या हौद्यातल्या मातीशी तंतोतंत जुळतो.

आता तक्रार. चार दिवसांचा वायदा होता, नऊ लागले. रोज फोन केला की "उद्या संध्याकाळी". खालच्या पितळी पट्टीवर नाव आलं 'अब्दुल गफूर खान'. गफूर नव्हे, गफार! आयुष्याची कित्येक वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, आधी इंग्रजांच्या, मग पाकिस्तानच्या. १९८७ मध्ये आपण भारतरत्न दिलं, आणि नाव चुकीचं? पट्टी फुकट बदलून दिली, कुरकुर केली नाही.

सागाची पट्टी, काच, माउंट धरून ८५० रुपये. कोपऱ्यांचे जोड बघण्यासारखे, नखसुद्धा शिरत नाही. मागं पुठ्ठा नाही, प्लाय लावलाय. हूक मात्र बारीक देतात, घरचा न्या.

फोटो आता मारुतीच्या उजव्या हाताला, शाहू महाराजांच्या शेजारी आहे. बिल जपून ठेवलंय. त्यावर मालकांच्या अक्षरात लिहिलंय: 'पठाण पैलवान, १ नग'.