तीन पानं की दहा मिनिटं?

स्वतःचा थोडा शोध घ्यावा म्हणून वही उघडणाऱ्यांना बहुतेक वेळा दोन सल्ले मिळतात. पहिला : सकाळी उठल्या उठल्या, डोक्यात येईल ते, हाताने तीन पानं लिहा. दुसरा : डब्यातून एक चिठ्ठी काढा, तिच्यावरचा शब्द वाचा, दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत हात थांबवू नका. तिसरा एक प्रकार आहे, अटी घालून लिहिण्याचा. त्याची मराठीतली परंपरा बरीच जुनी आहे, त्याच्याकडे मागाहून येतो. हे तिन्ही मी मनापासून करून पाहिलेत आणि आता त्यातल्या एकावर स्थिरावलो आहे. कोणता, ते वाचता वाचता कळेलच. पण तुमचा स्वभाव आणि तुमच्या घरातली सकाळ माझ्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तिन्हींबद्दल सांगतो.

तीन पानांची पद्धत रूढ झाली ती अमेरिकन लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांच्या 1992 मधल्या ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकामुळे. त्याआधी 1934 मध्ये डोरोथिया ब्रँड यांनीही, वर्तमानपत्र वाचण्याआधी, कोणाशी बोलण्याआधी लिहायला बसा, असं सांगून ठेवलं होतं. कॅमेरॉन यांचे नियम कडक आहेत. हातानेच लिहायचं, तीनच पानं, कोणाला दाखवायची नाहीत; पहिले आठ आठवडे तर स्वतःही मागे वळून वाचायची नाहीत. चिठ्ठीच्या खेळामागे दोन नावं घ्यावी लागतात. पीटर एल्बो यांनी 1973 मध्ये आठवड्यातून निदान तीनदा दहा मिनिटं न थांबता लिहायला सांगितलं. नॅटली गोल्डबर्ग यांनी 1986 मध्ये त्याला झेन साधनेची बैठक दिली : हात चालता ठेवा, खोडू नका, शुद्धलेखनाकडे पाहू नका, विचार करत बसू नका.

तीन पानांना त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. ज्याच्या डोक्यात पहाटेपासून गलका असतो, त्याला या पानांनी खरोखर मोकळं वाटतं. गॅस बुकिंग, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीची फी, वडिलांच्या डोळ्यांची तपासणी हे सगळं कागदावर उतरलं की मागे थोडी शांतता उरते. माझ्या ओळखीत असेही लोक आहेत ज्यांनी या पानांच्या जोरावर नोकरी बदलली, एकाने तर अर्धवट सोडलेली तबल्याची शिकवणी परत सुरू केली. ते सांगतात की दोन पानं कचरा निघतो आणि तिसऱ्या पानावर खरी गोष्ट येते. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही.

माझं मात्र नेमकं त्या तिसऱ्या पानावरच अडलं.

फुलस्केप वहीचं पान मोठं असतं. दुसरं पान अर्धं होईतो माझ्या काळज्या संपायच्या, आणि दीड पान भरायचं राहायचं. मग अक्षर मोठं व्हायला लागायचं. जुन्या वह्या काढून पाहिल्या तर हे डोळ्यांना दिसतं : पहिल्या पानावर ओळीत नऊ-दहा शब्द, तिसऱ्यावर पाच-सहा. त्या जागेत काय यायचं? पहिल्या पानावरची तक्रारच, जरा सावकाश. ऑफिसात एका माणसाशी माझं जमत नव्हतं. तो रोज सकाळी माझ्या तिसऱ्या पानावर हजर असायचा. तक्रार रोज लिहिली की ती रोज थोडी घोटीव होत जाते. तिला उदाहरणं मिळतात, मुद्दे मिळतात, चांगलं शेवटचं वाक्यही मिळतं. काही महिन्यांनी ती इतकी मुद्देसूद झाली होती की तिच्यात शोधायला काही उरलंच नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मी’ किंवा ‘मला’. स्वतःबद्दल एवढं लिहून हाती लागायचा तो आदल्या दिवशीचाच मी. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीनेच लागला.

सकाळची वेळ हाही एक मुद्दा आहेच. ज्या घरात सहाला पाणी येतं, साडेसहाला डबे भरायला घ्यावे लागतात आणि सातला रिक्षावाला हॉर्न वाजवतो, तिथे तीन पानांसाठी पाऊण तास काढायचा म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी त्या वेळेचा भार टाकायचा. ज्या बायका हा सल्ला मनापासून पाळू पाहतात, त्यांना तो जास्त जड जातो असं मी पाहिलं आहे. पण सकाळ मोकळी असती तरी माझा कल बदलला नसता.

आता चिठ्ठी. हिच्यात विषय आपण निवडत नाही, हेच हिचं बळ. एकदा माझ्या हाताला ‘किल्ली’ लागली. सुरुवात अगदी साधी झाली : स्कूटरची किल्ली, ती ठेवायचा खिळा, ती खिळ्यावर नसली की घरात होणारी शोधाशोध. तिथून हात आपसूक गावाकडच्या घरात गेला. आजीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, कोठीच्या दाराचं पितळी कुलूप, आत साखरेचा आणि गुळाचा डबा. आणि मग, काही न ठरवता, एक वाक्य उतरलं : ‘आमच्यात किल्ली कोण मागत नव्हतं, ती देईल तवाच घ्यायची.’ त्याखाली, ‘थोरल्या काकांनासुद्धा.’ गजर झाला, मी थांबलो.

ते वाक्य मी संध्याकाळी परत वाचलं. ऑफिसात हवं ते काम मी कधी मागत नाही, कोणीतरी देईल म्हणून वाट बघतो, हे मला माहीत होतं. सकाळच्या तीन पानांत ते कैक वेळा येऊनही गेलं होतं. पण तिथे ते वरिष्ठांवरच्या तक्रारीच्या रूपात यायचं. किल्लीवर लिहिताना ते आमच्या कोठीच्या दारापाशी सापडलं, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता. माझ्या अनुभवाने तरी मी असं म्हणेन की स्वतःवर लिहायला बसलं की माणूस सावध होतो. खिळ्यावर, कुलपावर, छत्रीवर लिहिताना तो सावध नसतो.

त्या वाक्यातला ‘तवाच’ पाहिलात? मी कोल्हापूर भागातला, पण गेली कित्येक वर्षं पुण्यात प्रमाण मराठीत लिहितो-बोलतो. तीन पानांत माझी भाषा कायम ऑफिसची असायची, निम्मी इंग्रजी. चिठ्ठीवर लिहिताना, घड्याळ पुढे चालू असताना, सहाव्या-सातव्या मिनिटाच्या सुमारास ‘गेलो होतो’चं ‘गेलतो’ होतं. ते झालं की मला कळतं, आता आतलं यायला लागलं. तुमच्या घरची बोली वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, अहिराणी असेल, ती कोणत्या मिनिटाला वहीत डोकावते ते जरूर बघा. शाळेने ती वहीच्या बाहेर ठेवायला शिकवलेलं असतं, त्यामुळे ती आली की तिच्यासोबत बरंच काही येतं.

शुद्धलेखनाचंही तसंच. खोडू नका हा नियम मराठी माणसाला जास्त अवघड, कारण ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई आपल्या हाडात भिनलेली. ‘पाणि’ लिहिलं गेलं की पेन आपोआप मागे वळतं. वेगात लिहिताना ते वळणं थांबतं. त्याच्या आधी शिरोरेषा गळून पडते. मोडी लिहिणाऱ्यांना ही सवलत मुळातच होती. ते आधी कागदावर आडवी रेघ मारून घेत आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिच्याखाली ओवत जात. वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीत सहसा पाळत नसत. भराभर मजकूर लिहिण्यासाठीची लिपी होती ती. दहा मिनिटांत माझं देवनागरी जवळजवळ त्याच वाटेने जातं, आणि मला ते बघायला फार आवडतं.

चिठ्ठीच्या अडचणीही सांगायला हव्यात. शब्द चुकीचा असेल तर सगळं फसतं. प्रेम, यश, आनंद, एकटेपणा असे शब्द डब्यात टाकले की निबंध तयार होतो. ‘सूर्य संपावर गेला तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहून आपण मार्क मिळवलेले असतात; हात लगेच प्रास्ताविकाकडे वळतो. हाताला लागेल, नाकाला येईल असा शब्द हवा : जिन्याखालची जागा, आजोळची न्हाणी, सुटे पैसे, शेजारच्या घरातला फोडणीचा वास, दुसऱ्याची चप्पल. दुसरी अडचण अशी की दहा मिनिटं कधीकधी नेमकी चुकीच्या जागी संपतात. धागा हाताला लागतो आणि गजर वाजतो. मला हे आता चालतं, कारण तो धागा दिवसभर मनात राहतो. पण ज्यांना अर्धवट सोडवत नाही त्यांना चिडचिड होईल. त्यांनी वीस मिनिटं घ्यावीत. आणि ज्यांच्या डोक्यात खरोखर गलका आहे, परीक्षा, आजारपण, कोर्टाची तारीख, त्यांच्यापुढे ‘दुसऱ्याची चप्पल’ ठेवली तर ती त्यांना परकी वाटेल. त्या काळात तीन पानंच बरी.

नुकताच मोठा आघात झालेल्यांसाठी मात्र दोन्ही जपून. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधराच मिनिटं, मनातल्या जखमेवर लिहायला लावलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त उदास वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मला त्यातली मर्यादा लक्षात घेण्यासारखी वाटते : मोजके दिवस, मोजकी मिनिटं. तीन पानांना शेवटचा दिवस नसतो.

राहिला अटींचा खेळ. पॅरिसमध्ये 1960 साली काही लेखक आणि गणिती एकत्र आले आणि त्यांनी लेखनावर मुद्दाम बंधनं घालण्याचा रीतसर उद्योग सुरू केला. त्यांच्यापैकी जॉर्ज पेरेक यांनी 1969 मध्ये ‘ई’ हे अक्षर न वापरता अख्खी फ्रेंच कादंबरी लिहिली. पण आपल्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात, बारामतीत, एकशे आठ रामायणांचा घाट घातला होता आणि त्यात एक निरोष्ठ रामायण आहे : ओठाला ओठ लावावा लागेल असं प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नाही. रामकथा सांगायची आणि रामाच्या नावातला ‘म’ घ्यायचा नाही!

निरोष्ठ लिहून बघाच. मराठीत ही अट घातली की पहिल्या फटक्यात ‘मी’ जातो, ‘माझं’ जातं, ‘आपण’ जातं, ‘पण’सुद्धा जातं. ‘घर तेच. दार तेच. आत शिरताच आजी हाक घालायची.’ एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागली असतील. पण मी नसलेलं माझंच घर मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि त्या घरात आजी किती एकटी होती हे तेव्हा जाणवलं. अवघड आठवणीपर्यंत आडवाटेने जायचं असेल तर हा प्रकार सुरेख आहे. याचा तोटा असा की मनातला परीक्षक झोपत नाही, उलट त्याला भरपूर काम मिळतं. एकेक अक्षर तपासावं लागतं. उत्स्फूर्तपणा हवा असेल तर हा प्रकार पुरेसा पडत नाही. रविवारी दुपारी, चहा घेऊन, घरातल्या दोघा-तिघांनी मिळून खेळावा. मुलं यात मोठ्यांना सहज हरवतात.

साधनांबद्दल थोडक्यात. फोनवर यातलं काहीही करू नये असं माझं मत आहे, कारण कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो आणि तो शब्द आपला नसतो. वही स्वस्त घ्या. महागड्या वहीत हात अवघडतो.

निवड करायचीच असेल तर मी असं सुचवेन. तुम्हाला झोपेतून उठल्यावर श्वास घ्यायलाही जागा नाही असं वाटत असेल तर महिनाभर तीन पानं लिहा, आणि तिसऱ्या पानावर अक्षर मोठं होतंय का यावर लक्ष ठेवा. होत नसेल, तर खुशाल चालू ठेवा; तुम्ही त्या भाग्यवानांपैकी आहात ज्यांना तिथे काही सापडतं. व्हायला लागलं, की चिठ्ठ्या करा. डायऱ्या लिहून लिहून ज्यांना स्वतःचाच कंटाळा आला आहे, त्यांनी तर थेट चिठ्ठ्यांपासून सुरुवात करावी.

चिठ्ठ्या मात्र स्वतः लिहू नका. आपण आपल्यासाठी नेहमी आपल्याला झेपणारे शब्द निवडतो. बायकोला, भावाला, शेजारच्या काकूंना, घरातल्या चौथीतल्या मुलाला प्रत्येकी पाच-सहा शब्द लिहायला सांगा, वस्तू किंवा जागाच हव्यात एवढं बजावा, आणि न वाचता घडी घालून डब्यात टाकायला लावा. माझ्या डब्यात सध्या पुतणीच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. काल ‘वरवंटा’ निघाला. आमच्या घरात पाटा-वरवंटा राहिलेला नाही; तिने तो शब्द कुठून आणला ते अजून विचारायचं आहे.