वायसर गळत होता, पैसे गेले पंपाचे

सांगलीत विश्रामबागेत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. श्रावणात एका सकाळी खालच्या काकू वर आल्या. "अगं, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, तुझ्याकडं काही गळतंय का बघ." बघितलं तर वॉशिंग मशिनमागं पाणी साचलेलं. मशिन दोन दिवस लावलेलंच नव्हतं. खरं तर सगळं उत्तर त्यातच होतं, पण मला फक्त काकूंचं छत दिसत होतं. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर' टाकलं आणि पहिला आला तो नंबर लावला. वॉरंटी कार्डावरचा नंबर कपाटातच राहिला.

दोन तासांत माणूस आला. अंगात कंपनीच्या नावाचा टीशर्ट. खाली वाकून टॉर्च मारली आणि म्हणाला, "वहिनी, ड्रेन पंप गेलाय, मशिनमधलं पाणी बाहेर टाकतो तो. टबामागचं सीलपण फाटलंय. आज नाही केलं तर मोटर जळणार." मोटर म्हटल्यावर माझा धीर सुटला. अर्ध्या तासात त्यानं काम 'केलं'. सासूबाईंनी जुना पंप मागितला, तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो. पावती मोबाइलवर येईल म्हणाला. ४,६०० रुपये मी तिथंच ऑनलाइन दिले. जाताना त्यानं मशिनचा नळ बंद केला. "सील धरायला दोन दिवस लागतात, तोवर उघडू नका."

दोन दिवस फरशी कोरडी. बंद नळामुळंच ती कोरडी होती, हे मला तिसऱ्या दिवशी नळ उघडल्यावर कळलं. तासाभरात मागं पुन्हा पाणी. त्याचा फोन बंद, पावती आलेलीच नव्हती.

मग कुपवाडहून आमच्या ओळखीचे प्लंबर आले. त्यांनी मशिन पुढं ओढलं, एकेका जोडाखाली कोरडा कागद धरला. नळाच्या जोडाखालचा कागद भिजला. नळातून मशिनला पाणी आणणाऱ्या इनलेट पाईपच्या नटातला रबरी वायसर वाळून कडक झाला होता आणि जोडाभोवती क्षाराचा पांढरा थर होता. "ताई, हा थर एका दिवसाचा न्हाई. महिनोन् महिने झिरपतंय." मागच्या पत्र्याचे स्क्रू दाखवले, त्यांच्यावर जुनी धूळ तशीच. टबामागचं सील बदलायचं तर टब बाहेर काढून उघडावा लागतो, ते काम अर्ध्या तासाचं नाहीच.

त्यांनी समजावलेलं मी इथं मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हे मला आधी माहीत असतं तर तो माणूस दारातूनच परत गेला असता. नळ उघडा असेपर्यंत इनलेट पाईपवर टाकीच्या पाण्याचा दाब दिवसरात्र असतो, मशिन बंद असलं तरी. ड्रेन पाईपमधून पाणी जातं ते मशिन पाणी बाहेर टाकतं तेव्हा. म्हणून मशिन रिकामं, बंद आणि तरी फरशीवर पाणी वाढत असेल तर आधी नळ, वायसर आणि इनलेट पाईप बघा. नळ बंद केल्यावर गळती थांबली की पंपाचं नाव घेणाऱ्याला पैसे देऊ नका. पाणी टाकतानाच ओल येत असेल तर ड्रेन पाईप आणि पंपाकडं वळा.

पाईप नुसता बघून कळत नाही, नळापासून मशिनपर्यंत हातानं चाचपावा लागतो. नटाजवळ फुगवटा, बारीक चिरा, गंज, मशिन भिंतीला दाबून ठेवल्यानं पडलेली मोड, यातलं काहीही लागलं तर पाईप बदलायचा. वरून चांगला दिसला तरी साधारण पाच वर्षांनी बदललेला बरा. आमचा नऊ वर्षांचा होता. नट हातानं घट्ट करून पान्यानं किंचितच फिरवायचा. जोर लावला तर वायसर कापला जातो, प्लॅस्टिकचा नट तडकतो. तिथं टेफ्लॉन टेपही लागत नाही, पाणी अडवतो तो वायसर. आणि धुणं झालं की नळ बंद. मी आता रोज करते.

नवा पाईप आणि मजुरी मिळून सहाशेच्या आत काम झालं. पैसे दिल्याची नोंद आणि त्या नंबरचा स्क्रीनशॉट होता, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

गेल्या रविवारी मिरजेला नणंदेकडं गेले तेव्हा आधी तिचं मशिन पुढं ओढायला लावलं. नटापासून चार बोटांवर पाईप लिंबाएवढा फुगलेला. त्याच संध्याकाळी बदलला.