एसीच्या भोकासाठी हॅमर ड्रिल की कोअर कटिंग?

स्प्लिट एसी बसवायला येणारा माणूस बहुतेक वेळा हॅमर ड्रिलच घेऊन येतो. अडीच इंची भोकासाठी तो वर्तुळात ओळीने बारीक भोकं मारतो आणि मधला भाग छिन्नीने फोडतो. आतून काम ठीक दिसतं, बाहेरचं मात्र खिडकीतून वाकून पाहावं लागतं. आमच्या भिंतीचा ताटाएवढा ढलपा टेक्स्चर पेंटसकट खाली गेला. पहिल्याच पावसाळ्यात आत ओल आली, आणि तिसऱ्या मजल्यावर डागडुजीसाठी झुला बांधावा लागला.

दोष ठोक्यांचा. शेवटच्या इंचाला बाहेरच्या गिलाव्यामागे कसलाच आधार उरत नाही, म्हणून ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, बाहेर पडण्याआधीच गिलावा सुटतो.

कोअर कटिंगची पोकळ, हिऱ्याच्या धारेची नळी नुसती फिरते, ठोकत नाही. कड कापल्यासारखी स्वच्छ येते. शेवटी जोर कमी करायचा, एवढं इथेही पाळावं लागतं. खर्च जास्त, माणूस वेगळा बोलवावा लागतो. शिवाय पाणी वापरून कापलं तर सिमेंटचं करडं पाणी बाहेर ओघळतं आणि रंगावर पट्टे उमटतात. ते वाळायच्या आत धुवून घ्या. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) मऊ असतात, ते कोरडेच कापता येतात. हॅमरने मात्र त्यांचा भुगा होतो.

मिव्हानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतीत निवडीचा प्रश्नच नाही. तिथे भिंत सळयांसकट काँक्रीटची असते, त्यामुळे कोअर कटिंगच, तेही सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा होकार घेऊन. कॉलम आणि बीमला तर हातही लावायचा नाही.

फायबर केबलपुरतं 10 मिमी भोक विटांच्या भिंतीत हवं असेल तर हॅमर ड्रिल पुरे. बिटावर चिकटपट्टीने खूण करा; शेवटचे दोन इंच उरले की हॅमर बंद करून नुसतं फिरवा, हात हलका ठेवा. बाल्कनीतून हात पोचत असेल तर आरपार बारीक भोक पाडून मोठं दोन्ही बाजूंनी करा. एसीसाठी मात्र माझं मत कोअर कटिंगलाच. झुल्याचा खर्च मी भरलाय.

भोक कसंही पाडा, बाहेरच्या बाजूला अर्धा सेंटीमीटर उतार हवा. आत पीव्हीसी पाईपचा तुकडा घालून बाहेरची फट सीलंटने भरा. पुट्टी उन्हापावसात तडकते. आणि पैसे देण्याआधी मोबाईल नीट धरून खिडकीबाहेरून भोकाचा फोटो काढा.