गणपती पेठेतला टीव्ही आणि बिलामागचं लेखी

चाळीस वर्षं वकिलांच्या हाताखाली कारकुनी केली, त्यामुळं कागद वाचल्याशिवाय पैसे मोजायची सवय नाही. सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातून दिवाळीआधी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. चित्र झकास. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आमच्या हिला मालिका ऐकायला पुढं सरकून बसावं लागतं.

दुकानात एक गोष्ट मुद्दाम विचारली. एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गुगलनं स्पर्धा आयोगापुढं, म्हणजे बाजारातली दादागिरी रोखणाऱ्या सरकारी संस्थेपुढं, तडजोड केली. आधी टीव्हीवाल्या कंपनीला प्ले स्टोअर हवं तर सोबत गुगलची बाकी ॲपंही घ्यावी लागायची. आता प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस (ॲपं चालायला लागणारी गुगलची आतली यंत्रणा) यांचा परवाना सुटा द्यायचं कबूल केलं, वर २०.२४ कोटी भरले, तेही पंधरा टक्के सूट धरून! ही तडजोडीची वाट स्पर्धा कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं उघडली. चौकशीचा अहवाल हातात पडल्यावर मिटवलं तर सेटलमेंट, पैसे मोजा. त्याआधीच ‘वागणूक सुधारतो’ असं लिहून दिलं तर कमिटमेंट. संगनमतानं भाव ठरवणाऱ्यांना दोन्ही दारं बंद, हे बेस केलं.

“सुट्या परवान्याचा सेट दाखव,” म्हटलं तर पोरगा म्हणतो, “काका, आमच्याकडं सुटं फक्त रिमोटचं कव्हर मिळतं.” चालू करून दाखवलेल्या तिन्ही सेटवर पहिला पडदा सारखाच. मोकळीक टीव्हीवाल्या कंपनीला मिळाली, गिऱ्हाइकाला ती काउंटरवर कुठं दिसणार?

आता दुकानाचं. भिंतीचा स्टँड आणि फिटिंग फुकट म्हणाले आणि आठ दिवस माणूसच नाही. शेवटी जाऊन ग्राहक आयोगाचं नाव काढलं. मालकानं हुज्जत घातली नाही. बिल उलटं करून लिहिलं, ‘शनिवारी माणूस येईल, न आल्यास ७०० रुपये परत.’ सही केली, शिक्का मी मागून घेतला. चुकलं असं काही तोंडातून निघालं नाही. तिकडं स्पर्धा आयोगाच्या तडजोडीतही दोष सिद्ध झाला असं धरत नाहीतच की. पण शब्द मोडला तर आदेश रद्द होऊन चौकशी परत मागं लागू शकते. माझ्या हातात ७०० रुपयांची चिठ्ठी तेवढी.

शनिवारी चारला माणूस आला. एक भोक चुकलं, त्यावर त्यानं टूथपेस्ट भरली.

पाचपैकी साडेतीन. बिल अजून फायलीत आहे, वॉरंटी संपेपर्यंत काढणार नाही.