नवख्याने कुठे उतरावं: 'फायनल फँटसी १४' की 'ईव्ह ऑनलाइन'?

खेळ अर्ध्यात सोडणाऱ्या नवख्याला कारण विचारलं, तर तो किचकट नियमांकडे नाही तर कंटाळवाण्या सुरुवातीकडे बोट दाखवतो. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक जण माणसांमुळे जातात, आणि जे टिकतात तेही माणसांमुळेच. म्हणून 'फायनल फँटसी १४' आणि 'ईव्ह ऑनलाइन' या असंख्य लोक एकत्र खेळतात अशा दोन ऑनलाइन खेळांच्या लढाया, ग्राफिक्स, वर्गणी यांत मी शिरत नाही. दोन्ही खेळलो आहे, आणि निवड करायची वेळ आली तेव्हा एकच गोष्ट पाहिली: तिथे मुरलेला खेळाडू नव्या माणसाशी कसा वागतो, आणि का.

'फायनल फँटसी १४'मध्ये या प्रश्नावर फार विचार झालेला दिसतो. जुने खेळाडू पुढे निघून जातात आणि सुरुवातीची डंजन (गटाने मिळून लढत पार करायच्या जागा) ओस पडतात, हे अशा खेळांचं जुनं दुखणं. इथे त्यावर रुलेट आहे. जुना खेळाडू रोज रुलेट लावतो, खेळ त्याला कुठल्याही डंजनमध्ये टाकतो, त्याची लेव्हल तेवढ्यापुरती खाली आणतो आणि वर बक्षीस देतो. गटातला कुणी ते डंजन पहिल्यांदा करत असेल, तर सगळ्यांना जादा बक्षीस. नवख्याच्या नावाशेजारी कोवळ्या रोपाचं चिन्ह असतं, मार्गदर्शक म्हणून नोंदलेल्या जुन्या खेळाडूच्या नावाशेजारी मुकुट. 'पहिल्यांदाच आलोय' असं चॅटमध्ये लिहिलं की बहुतेक वेळा स्वागतच होतं. हे सुख इतर ठिकाणी सहज मिळत नाही.

मुकुटाबद्दल एक सांगायला हवं. मार्गदर्शकांसाठीचं रुलेट २००० वेळा पूर्ण केलं की एक खास माउंट, म्हणजे स्वारीचा प्राणी, मिळतो. त्यामुळे मुकुटवाल्यांपैकी काही मनापासून शिकवतात आणि काहींचा डोळा त्या आकड्यावर असतो. पहिल्या दोन-चार मिनिटांत फरक कळतो.

घाई हा मात्र खरा प्रश्न आहे. कॅस्ट्रम मेरिडियानम आणि प्रिटोरियम ही मूळ कथेच्या शेवटाकडची दोन डंजन. जुने खेळाडू तिथले कटसीन (कथा सांगणारी दृश्यं) वगळून धावत सुटायचे, आणि नवखा कथा पाहून बाहेर येईपर्यंत बॉस, म्हणजे तिथला मुख्य शत्रू, संपत आलेला असायचा. २०१८ मध्ये ते कटसीन वगळण्याची सोयच काढून टाकली, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. पुढे २०२२ मध्ये ही दोन्ही डंजन नव्याने रचली, आणि सुरुवातीची कथेतली डंजन संगणकाच्या पात्रांबरोबर करण्याचीही सोय आली. नवख्याची कथा बचावली हे चांगलंच झालं. पण त्यासाठी त्याला जुन्यांपासून बाजूला बसवावं लागलं, हेही खरं.

आता मला खटकलेली गोष्ट. माझा निर्णय तिने केला. गट वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांचा बनतो. बॉस पडतो, चौघे 'धन्यवाद' लिहितात, आणि गट विरघळतो. हीलर म्हणून (म्हणजे गटाला बरं करणारा म्हणून) कुठे उभं राहायचं, टँकचा, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्याचा, जीव किती खाली जाऊ द्यायचा, हे ज्याने मला धीराने समजावलं तो माणूस मला पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी नवे अनोळखी लोक, तेवढेच भले, आणि पुन्हा तेच. कुणी वाईट वागलं नाही, तरी महिन्याभराने मी आलो नसतो तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. फ्री कंपन्या, म्हणजे खेळाडूंचे कायमचे संघ, आहेत, हे मान्य. चांगली भेटली तर ही उणीव भरून निघतेही. पण खेळाचं सुरुवातीचं बहुतेक काम तिच्यावाचून चालतं, त्यामुळे नवखा तिच्यापर्यंत जातोच असं नाही.

'ईव्ह ऑनलाइन'ची ख्याती याच्या अगदी उलट. २००३ पासून चालू असलेलं एक अवकाश, त्यात गेलेलं जहाज कायमचं जातं. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे भामटे बाजारात बसलेले, आणि फसवणूक बहुतांशी नियमात बसणारी. अगदी सुरुवातीच्या काही तारामंडळांमध्ये नवख्यांना छळायला बंदी आहे, त्यापलीकडे तुमचं तुम्ही पाहा. कागदावर पाहिलं तर इथे नवखा टिकूच नये.

टिकतो, कारण इथे जुन्यांना त्याची गरज असते. स्किल खऱ्या वेळेनुसार वाढतात, म्हणजे दहा वर्षं खेळलेल्याला तुम्ही एकूणात गाठणं अवघड. पण प्रत्येक स्किलच्या पायऱ्या पाचच, आणि फ्रिगेट या छोट्या लढाऊ जहाजाला लागणारी स्किल मोजकी. स्वस्त फ्रिगेट घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजाला पळू न देणं, म्हणजे टॅकल करणं, हे काम नवखा पहिल्या आठवड्यात करू शकतो, आणि त्याच्यावाचून फ्लीटची, म्हणजे एकत्र लढणाऱ्या ताफ्याची, शिकार निसटते. म्हणून २००४ पासून ईव्ह युनिव्हर्सिटीसारखी शिकवणारी कॉर्पोरेशन (खेळाडूंची संघटना) चालते, आणि पँडेमिक होर्ड, कर्माफ्लीट यांसारख्या संघटना नवख्यांसाठी दार उघडं ठेवतात, त्यांना जहाजंही देतात.

माझं जहाज पहिल्याच फ्लीटमध्ये फुटलं. कमांडरने लगेच दुसरं घ्यायला पाठवलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी व्हॉइसवर (गटाच्या बोलण्याच्या चॅनेलवर) येताच विचारलं, "कालचा टॅकल आलाय का?" त्या एका प्रश्नापुढे रुलेटची सगळी बक्षिसं मला फिकी वाटली.

'ईव्ह'च्या कंपनीने २०१५ च्या फॅनफेस्ट या आपल्या मेळाव्यात सुमारे ८० हजार नव्या खात्यांची पाहणी मांडली होती. पहिल्या १५ दिवसांत खेळातल्या कायद्याने बेकायदा ठरणाऱ्या हल्ल्यात मारले गेलेले नवखे साधारण एक टक्काच होते, आणि ते इतरांपेक्षा जास्त काळ टिकले होते. यावरून 'मारा म्हणजे टिकतील' असं म्हणणं मला पटत नाही. जो जास्त फिरतो तोच जास्त सापडतो, आणि तो मुळातच जास्त रमलेला असतो. पण जुन्यांचा क्रूरपणा हेच गळतीचं मुख्य कारण, ही समजूत त्याने सैल होते.

तुमच्याकडे रोज सलग तास नसेल, व्हॉइसवर बोलायचा संकोच असेल, किंवा कमावलेलं गमावणं सोसत नसेल, तर 'फायनल फँटसी'च घ्या. तिथला पहिला महिना नक्की जास्त सुखाचा जाईल. वर्षभराने कुठे असाल असं विचाराल, तर माझा कौल 'ईव्ह'कडे झुकतो, एका अटीवर: कॉर्पोरेशन पहिल्याच आठवड्यात गाठायची. आत जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुमच्या खेळायच्या वेळी त्यांची किती माणसं जागी असतात, आणि फ्लीटमध्ये फुटलेलं जहाज भरून देतात का. प्रवेशासाठी कुणी आधी आयएसके (खेळातलं चलन) मागितले, तर त्याला नकार द्या आणि पुढच्या कॉर्पोरेशनकडे जा.