मसाई मारातील ‘नाईट गेम ड्राइव्ह’ : 3,07,518 रुपयांची फसवणूक

केनियातील मसाई मारा अभयारण्याच्या हद्दीत पर्यटकांना रात्री गाडीतून प्राणी पाहत फिरता (म्हणजे ‘नाईट गेम ड्राइव्ह’ करता) येत नाही. प्रवेशाचे तिकीट सकाळी सहा ते सायंकाळी सहा एवढ्याच वेळेपुरते असते आणि रात्री पुन्हा आत जाण्याचा ‘विशेष परवाना’ पर्यटकासाठी कोणीही कोणाकडून विकत आणू शकत नाही. ही एवढी माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे आम्हा चौघांचे 3,07,518 रुपये गेले. ज्यांच्या हातात आज केनियाचे कोटेशन आहे आणि ज्यांचा दुसरा हप्ता अजून जायचा आहे, त्यांनी पुढचे वाचण्याआधी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मसाई मारा अभयारण्यात नाईट गेम ड्राइव्ह, विशेष परवान्यासह’ ही ओळ आहे का, ते पाहून घ्यावे.

मी, माझी पत्नी, साडू आणि मेहुणी असे चौघे ऑगस्ट 2025 मध्ये गेलो होतो. एजंट आमच्या सोसायटीतल्याच एका कुटुंबाने सुचवलेला होता. ते लोक त्याच्यामार्फत दुबईला जाऊन सुखरूप परतले होते आणि त्यांची कसलीही तक्रार नव्हती. त्याचे कार्यालय होते, भिंतीवर मारा नदी ओलांडणाऱ्या ‘विल्डबीस्ट’च्या कळपाचे मोठे छायाचित्र होते, पावतीवर जीएसटी क्रमांक होता. माझी सारी नोकरी एका बँकेच्या कर्ज विभागात कागदपत्रे तपासण्यात गेली आहे, तेव्हा ‘कागद न पाहता पैसे दिले’ असे मला कोणी म्हणू नये. कागद पाहिले होते. खोटे कागदच अधिक नीटनेटके असतात, हे मात्र आता सांगू शकतो. तो जीएसटी क्रमांक भलत्याच राज्यातल्या स्टेशनरीच्या घाऊक दुकानाचा निघाला. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव क्षणात दिसते. ते आधी टाका, नंतर नव्हे.

विमानाची तिकिटे आम्ही स्वतः काढली. बाकीच्या सहलीचे माणशी 2,15,000, म्हणजे चौघांचे 8,60,000 ठरले. पैकी 1,00,000 नोंदणीच्या वेळी, 4,00,000 मे महिन्यात आणि 3,60,000 जूनच्या अखेरीस दिले. त्यानंतर नाईट गेम ड्राइव्हचे वेगळे माणशी 18,500, म्हणजे 74,000 रुपये मागण्यात आले. हे पैसे फर्मच्या खात्यात नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या खात्यात घेतले गेले, कारण ‘परमिटचे पैसे तिकडे रोखीने द्यावे लागतात’. परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वर्षी दहा लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून भरायचा आयकर) घ्यावा लागत होता. त्याने त्या नावाने एक रुपयाही घेतला नाही. ‘ते मी बघतो, काका,’ असे म्हणाला. कर बुडवावा असा माझा कधीच हेतू नव्हता, आणि हा कर गोळा करून भरण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर आहे. पण जो विक्रेता टीसीएस घेत नाही, त्याचा व्यवहार आयकर खात्याच्या नोंदीत येतच नाही, आणि पुढे तुम्हाला 26एएस (आपल्या नावे जमा झालेल्या करांचा आयकर खात्याचा तक्ता) उघडून ‘हे पाहा, याने माझ्याकडून सहलीचे पैसे घेतले’ असे दाखवताही येत नाही. पॅन न मागणाऱ्या एजंटाच्या मोकळेपणाचे कौतुक करू नका.

आता त्या ओळीविषयी. कार्यक्रमपत्रिकेच्या पाचव्या दिवसाखाली, एकाखाली एक, असे छापलेले होते: ‘सायं. 6.00, गेटमधून बाहेर, कॅम्पवर परत. रात्री 8.00 ते 10.30, मसाई मारा अभयारण्यात नाईट गेम ड्राइव्ह, विशेष परवान्यासह.’ दोन ओळींमध्ये बोटभरही अंतर नव्हते. माझ्या पत्नीने त्याच्यासमोर बसून तिथेच विचारले होते, ‘सहाला बाहेर काढतात आणि आठला परत आत घेतात, असं कसं?’ त्यावर तो हसून म्हणाला, ‘काकू, त्यालाच तर परमिट लागतं. सगळ्यांना मिळत नाही.’ हे शेवटचे वाक्य तो प्रत्येकाला ऐकवत असणार, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही. जे सगळ्यांना मिळत नाही ते आपल्याला मिळते आहे, हे ऐकल्यावर चौघांपैकी एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही. पत्नीचा प्रश्न बिनचूक होता आणि त्याला उत्तर मिळालेलेच नव्हते. तरीही आम्ही चहा घेऊन, त्याचे आभार मानून उठलो. त्या क्षणाची चीड आजही कमी होत नाही.

आमचा विश्वास बसला, त्याला कारणही होते. ताडोब्याच्या बफर क्षेत्रात आम्ही पूर्वी रात्रीची सफारी केलेली होती. तिथे गाभा क्षेत्र संध्याकाळी बंद होत असे आणि बफरमध्ये वेगळ्या परवानगीने रात्री जाता येत असे. तेव्हा परवानगी काढून रात्री जंगलात जाणे ही कल्पना आम्हाला मुळीच चमत्कारिक वाटली नाही. गंमत अशी की माराची व्यवस्थाही काहीशी तशीच आहे, आणि हे त्याने सांगितले असते तर त्याला खोटे बोलण्याची गरजही पडली नसती. अभयारण्याला लागून मारा नॉर्थ, नाबोईशो, ओलारे मोतोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. त्या जमिनी मसाई कुटुंबांच्या मालकीच्या असून पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने घेतलेल्या आहेत. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते, रस्ता सोडून गाडी नेता येते, आणि रात्री लाल काचेचा प्रखर दिवा लावून कॅम्पची गाडी तुम्हाला फिरवते. मात्र सर्वसाधारणपणे त्यासाठी मुक्काम त्याच कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पमध्ये असावा लागतो आणि तिचे शुल्क निराळे असते. म्हणजे प्रश्न परवान्याचा नसून मुक्कामाच्या जागेचा आहे. कॅम्पचे नाव विचारा, तो कोणत्या कॉन्झर्व्हन्सीत आहे ते विचारा, आणि त्या कॅम्पला स्वतः ईमेल करून आपल्या नावाने आरक्षण आहे का आणि पैसे पोहोचले का, हे विचारा. एजंटने पाठवलेले व्हाउचर म्हणजे आरक्षण नव्हे.

आमच्या व्हाउचरवर खरोखरच एका कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पचे नाव होते. त्या कॅम्पने नंतर आम्हाला कळवले की एप्रिलमध्ये आमच्या नावाने दोन तंबू तात्पुरते राखून ठेवले होते, आगाऊ रक्कम न आल्यामुळे ती नोंद आपोआप रद्द झाली. एप्रिलमध्ये! आम्ही मे आणि जूनमध्ये साडेसात लाखांवर रक्कम भरत होतो, तेव्हा आमचे तंबू शिल्लकच नव्हते.

परवान्याचा तो कागदही सांगण्यासारखा आहे. त्यावर केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसचे बोधचिन्ह, आमची चौघांची नावे, पासपोर्ट क्रमांक आणि जांभळा शिक्का होता. नाकुरू, त्सावो यांसारखी राष्ट्रीय उद्याने ही संस्था पाहते. मसाई मारा मात्र तिच्याकडे नाही; ते नारोक काउंटीच्या सरकारकडे आहे आणि त्याचा पश्चिमेकडचा ‘मारा ट्रँगल’ हा भाग 2001 पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. म्हणजे ज्या जंगलावर ज्या खात्याचा अधिकार नाही, त्या खात्याच्या नावाने परवाना बनवलेला होता. जन्मभर शिक्के तपासणाऱ्या माणसाला हा शिक्का खरा वाटला, कारण परदेशातल्या शिक्क्याशी ताडून पाहायला माझ्याजवळ काहीच नव्हते. कोणाजवळ असते?

नैवाशा आणि नाकुरू इथले पहिले मुक्काम व्यवस्थित झाले, खोल्यांचे पैसे चोख भरलेले होते. असे करण्यामागचा हिशेब नंतर ध्यानात आला: माणूस इतका आत गेलेला असावा की परत फिरणे त्याला परवडू नये. नारोकमार्गे आम्ही माराच्या सेकेनानी गेटवर पोहोचलो, तेव्हा चालक-मार्गदर्शक खाली उतरला, खिडकीशी बराच वेळ बोलला आणि परत येऊन अतिशय संकोचाने म्हणाला की आमच्या प्रवेशाचे पैसे भारतातून आलेलेच नाहीत. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पर्यटकाला माराचा प्रवेश माणशी दिवसाला 200 डॉलर आहे. चौघांचे दोन दिवसांचे 1,600 डॉलर मी कार्डाने भरले. राहण्याची सोय गेटबाहेरच्या एका साध्या तंबूंच्या कॅम्पमध्ये त्या चालकानेच फोन करून लावून दिली: दोन तंबू, तीन रात्री, 960 डॉलर. बँकेच्या अधिभारासह ही रक्कम 2,33,518 रुपये झाली. एजंटचा फोन त्या दिवसापासून ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ आहे. चालकाला दोष देणार नाही. त्याचीही अर्धी मजुरी अडकली होती.

पाचव्या रात्री साडूंनी हट्टच धरला की पैसे दिले आहेत तर नाईट ड्राइव्ह झालीच पाहिजे. चालक ‘पोले साना’ म्हणत दिलगिरी व्यक्त करत राहिला आणि शेवटी आमची समजूत काढण्यासाठी गेटबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घेऊन निघाला. दिवा म्हणजे कॅम्पच्या पहारेकऱ्याची हातबत्ती. झुडपांमागे हिरवट डोळ्यांच्या जोड्या चमकल्या आणि मेहुणीने श्वास रोखून ‘तरस!’ असे म्हटले. पुढे गेल्यावर काट्यांचे कुंपण दिसले, आत शेळ्या होत्या, बाहेर दोन गाढवे उभी होती, आणि अंगावर लाल शाल घेतलेला एक माणूस काठी सावरत आम्हाला काय हवे आहे, हे विचारायला बाहेर आला. एवढ्या रात्री त्याच्या दारात दिवा मारत उभे असलेले आम्ही चौघे त्याला चोरच वाटलो असणार. परतताना स्प्रिंगहेअर नावाचा एक लहान प्राणी कांगारूसारखा उड्या मारत रस्ता ओलांडून गेला. 74,000 रुपयांत तेवढा दिसला.

परत आल्यावरचा भाग याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: ‘तुम्ही जाऊन आलात ना? प्राणी पाहिलेत ना? मग फसवणूक कसली?’ मी परवान्याचा कागद पुढे केला. तो पाहून ‘हे केनियाचं आहे, तिकडे तक्रार करा’ असे सांगण्यात आले. पैसे भारतात, भारतीय खात्यात, भारतीय माणसाला दिले आहेत, हे समजावून सांगितल्यावर प्रकरण ‘दिवाणी स्वरूपाचे’ ठरले. साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, उद्या या. उद्या गेल्यावर अर्ज मराठीत हवा, मराठीत दिल्यावर बँकेची विवरणे साक्षांकित हवीत, साक्षांकित करून नेल्यावर ज्यांनी ते सांगितले त्यांची बदली झालेली. बँकेने लेखी कळवले की रक्कम आपण स्वतः ओटीपी देऊन पाठवलेली असल्यामुळे बँकेची जबाबदारी येत नाही. ज्या बँकेत हे उत्तर लिहिले गेले, तशीच उत्तरे मीही कधी काळी लिहिली आहेत, म्हणून त्यातला प्रत्येक शब्द मला पाठ आहे. एका हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि काही आठवड्यांनी ‘संबंधित व्यावसायिकाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे’ असा संदेश आला. प्रतिसाद न देणे हाच त्याचा धंदा असताना प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद करायची, हा न्याय मला अजून समजलेला नाही. पर्यटनाशी संबंधित एका कार्यालयात सांगितले गेले की ट्रॅव्हल एजंटने सरकारी मान्यता घेणे ऐच्छिक आहे आणि याने ती घेतलेली नाही, म्हणून त्याच्यावर कारवाई करता येत नाही. म्हणजे मान्यता घेणाऱ्याला नियम आणि न घेणाऱ्याला मोकळे रान.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी: ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. फसवणुकीचे कलम आता 420 नसून भारतीय न्याय संहितेचे 318 आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक त्याच दिवशी लक्षात आली असेल, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा; महिना उलटल्यावर खात्यात उरते काय? केनियातल्या कंपनीचे नाव पुढे केले जात असेल तर तिच्याकडे तिथल्या टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना आहे का, ते विचारा. नाईट ड्राइव्हच हवी असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरमध्ये उद्यानाच्या स्वतःच्या गाड्यांतून ती मिळते, झांबियातले दक्षिण लुआंग्वा हे उद्यानही त्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र स्वतः, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. आमच्या महाशयांनी ‘गरज नाही’ असे सांगितले होते. ते ऐकले असते तर परतल्यावर विलगीकरणाची पाळी आली असती.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. व्यवहार पाच लाखांच्या वर पण दहा लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क फक्त 200 रुपये आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्या एजंटची नवी जाहिरात पाहण्यात आली, तीत मारातली नाईट गेम ड्राइव्ह अजूनही आहे, दर तेवढा 18,500 वरून 21,000 झाला आहे. जांभळ्या शिक्क्याचा असा परवाना आणखी कोणाकडे असेल तर तो फाडून टाकू नका, त्याच्याशी झालेले संभाषणही पुसू नका. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझ्या वकिलांचे म्हणणे असे की दुसरा कागद समोर आला, तर ‘हा एकाच ग्राहकाचा गैरसमज आहे’ हा त्याचा बचाव टिकणार नाही.