बांगडा खायचा की सोडायचा? संधिवाताच्या पथ्यावर दोन डॉक्टर, दोन मतं

ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचं, निदान झालं की दुसऱ्या दिवसापासून घरात एकच प्रश्न सुरू होतो: काय खायचं नाही? आठ वर्षांत मी तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनाही (संधिवाताच्या डॉक्टरांना) विचारला आणि वैद्यांनाही. दोघांचं सगळ्यात जास्त फाटतं ते बांगड्यावर.

वैद्य याला आमवात म्हणतात. अग्नी मंद, त्यातून आम, म्हणजे अर्धवट पचलेल्या अन्नाचा अंश, तो सांध्यांत बसतो. म्हणून लंघन, सुंठ, एरंडेल. आमवात हा हत्ती आणि एरंडेल त्याला मारणारा सिंह, असा श्लोकच आहे. दही, मासे, गूळ, दूध, उडीद बंद. आमच्या वैद्यांनी यादी कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहून दिली. कोकणातल्या माणसाला त्यातून मुगाचं कढण तेवढं उरलं.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं उत्तर दीड ओळीचं. सगळं खा, वजन वाढू देऊ नका, घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बंद करा. तेव्हा मला ही टोलवाटोलवी वाटली होती. पण अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या सूचनाही साधारण तेच सांगतात. भूमध्यसागरी पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्ह तेल आणि मासे, याचीच शिफारस, तीही सौम्य. ग्लूटेनमुक्त, किटो, व्हेगन यांची नाही. सप्लिमेंटच्या गोळ्यांचीही नाही. माशांतल्या ओमेगा-३ ने दाह थोडा कमी होतो, त्यामुळे वैद्यांनी खोडलेला बांगडा इथे मानाने ताटात येतो.

लंघनाला मात्र हसू नका. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या एका चाचणीत रुग्णांनी सात ते दहा दिवस उपवास करून पुढे वर्षभर शाकाहार ठेवला आणि त्यांना नेहमीचं खाणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. गट छोटा होता, आणि नुसत्या उपवासाचा गुण खाणं सुरू झालं की सहसा ओसरतो. (साबुदाण्याची खिचडी म्हणजे लंघन नव्हे, हेही इथेच सांगून टाकते.)

माझा कौल असा: औषध ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं, त्यात तडजोड नाही. सांध्याची झीज मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी रोखली जाते. पथ्याने ती थांबल्याचं कुणी दाखवलेलं नाही, आणि एकदा वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही. वैद्यांकडून घ्यायचं ते रात्री हलकं जेवण आणि भुकेपुरतंच खाणं.

यादीतलं काही सोसत नाही असं वाटलं तर एका वेळी एकच पदार्थ महिनाभर सोडा आणि सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते लिहा. मी दही सोडलं. आधी कणीक मळण्याइतकी मूठ वळायला चाळीस मिनिटं लागायची; महिन्यानंतरही चाळीसच. दही परत आलं. मैत्रिणीने वांगं सोडलं, तिला फरक पडला म्हणते, पडला असेल.

घाबरायचं असेल तर दह्याला नाही, गुळवेलीला. ती प्रतिकारशक्ती चेतवते असं मानतात, आणि आपला आजारच बिथरलेल्या प्रतिकारशक्तीचा. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद चालू दे. मेथोट्रेक्सेटसाठी आपलं यकृत आधीच दर दोन-तीन महिन्यांनी तपासलं जातं, तेव्हा काढा सुरू करायच्या आधी त्याचं नाव ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या कानावर घाला. मी पहिली दोन वर्षं घातलं नव्हतं.